बंगारामला क्रूझर जात नाही

आमच्या गावाचं कागदोपत्री नाव ‘जऊळका रेल्वे’. अकोला-पूर्णा मार्गावरचं स्टेशन, तेही नावात जाऊन बसलेलं. तरी सहल म्हटली की आमच्या घरात कोणी स्टेशनकडे बघत नाही. सहल म्हणजे क्रूझर. ड्रायव्हरशेजारी मोठे काका, मधल्या सीटवर बाया, मागच्या बाकांवर पोरं आणि पोरांच्या पायांत गॅसची शेगडी, तेलाची कॅन, पोळ्यांचं गाठोडं. आधी गाडी ठरते, मग देव. एक दिवस असला तर शेगाव किंवा पोहरादेवी, दोन असले तर माहूर, आणि सोयाबीननं हात दिला असेल तर तिरुपती. आधी देव ठरवून मग गाडी शोधणारी माणसं असतात म्हणे, आमच्या घरात अजून जन्माला आलेली नाहीत.

अशा घरात पुण्याला शिकणाऱ्या चुलतबहिणीनं फॅमिली ग्रुपवर संदेश टाकला : ‘यंदा लक्षद्वीप. बंगाराम बेट. पांढरी वाळू, निळं पाणी, एकही गाडी नाही.’ जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, तेव्हापासून त्या निळ्या पाण्याचे फोटो ग्रुपवर शुभ सकाळच्या गुलाबांच्या बरोबरीनं येतच होते. पण तिथं कोणी जातं, हे घराला नवीन होतं. आणि ‘एकही गाडी नाही’ हे तिनं आकर्षण म्हणून लिहिलं होतं, ते मोठ्या काकांनी गैरसोय म्हणून वाचलं.

“गाडी नाई तं फिराचं कशात?”

“फिरायचं नाहीच काका. निवांत बसायचं.”

“बसाले एवढ्या दूर?”

यावर ग्रुपवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बसायची सोय ओसरीवर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग बेट केवढं, अशी विचारणा झाली. चौरस किलोमीटर आमच्या घरात चालत नाहीत, म्हणून मी एकर काढले : सव्वाशेच्या आसपास. आबा म्हणाले, “सीलिंगच्या आधी एकेकाच्या घरी एवढं वावर राहे.” पण आबा वर्तमानपत्रं वाचणारे. 1987 सरताना राजीव गांधी याच बंगारामला सहकुटुंब सुटीवर गेले होते, हे त्यांना लख्ख आठवत होतं. त्या सुटीचा वाद 2019 च्या निवडणुकीपर्यंत पुरला. आमच्या घरातल्या सुटीचा वाद तेवढा टिकेल याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न फक्त सुटी होते की नाही एवढाच होता.

आजीचा प्रश्न एकच. “प्याच्या पान्याचं काय?”

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार, आणि नेमकं त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. लक्षद्वीपात समुद्राचं पाणी एका वेगळ्याच पद्धतीनं गोडं करतात. कवरत्तीला 2005 मध्ये देशातला अशा पद्धतीचा पहिला प्रकल्प झाला, रोज एक लाख लिटरचा. नंतर अगत्ती आणि मिनिकॉयलाही झाले. वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडायचं, तिथं कमी उष्णतेतही त्याची वाफ होते, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या थंड पाण्यानं त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. साडेतीनशे मीटर ऐकून मोठे काका ताठ बसले. मनातल्या मनात फूट करून म्हणाले, “म्हंजे हजाराच्या वर! आपला बोअर आठशेले फुफाटा फेकून ऱ्हायला होता. त्याइले हजारावर पानी लागलं?”

“काका, ते समुद्रात आहे.”

“तरी बी. लागलं ना?”

त्या क्षणापासून लक्षद्वीपबद्दलचा त्यांचा आदर वाढला.

दारूचं प्रकरण वेगळं. लक्षद्वीपात दारूबंदी, हे कळल्यावर काकूंनी होकार दिला. बंगाराम त्याला अपवाद, हे धाकट्या काकांनी कुणाला न सांगता आधीच शोधून ठेवलेलं होतं. एरवी लग्नाच्या वरातीलाही न उठणारा माणूस बंगारामसाठी एवढा का भांडतोय, हे काकूंना तिसऱ्या दिवशी उमगलं. त्यानंतर ते ग्रुपवर फक्त अंगठा दाखवू लागले.

आजी माळकरी, आणि बेटावरचं मुख्य अन्न ट्यूना मासा. पण दुसरं मुख्य अन्न खोबरं, हे ऐकून आजी म्हणाली, “खोबरं हाय ना? मंग चटनी मी करतो.” पाटा न्यायचा विचार तिच्या डोळ्यांत दिसला. कोचीहून अगत्तीला जाणारं विमान लहान, सामानाला मर्यादा, शेगडी तर नाहीच नाही, हे सांगताना मला तिच्याकडे बघवेना. शेगडी नाही, गाडी नाही, वाटेत उतरून कचोरी खायची नाही. उरलो आम्ही अकरा माणसं, एकमेकांसमोर, चार दिवस. खरं सांगायचं तर मलाही जरा धास्तीच वाटली. क्रूझरमध्ये निदान सगळे एका दिशेला तोंड करून तरी बसतात. मागच्या बाकावरची पोरं सोडली तर.

पोरांना वेगळी ताकीद : शंख-शिंपल्यांच्या नावाखाली प्रवाळाचे तुकडे खिशात भरून आणायचे नाहीत, गुन्हा होतो. ती बेटं प्रवाळांवरच उभी आहेत. हे पोरांना लगेच पटलं, कारण वाळूच्या ट्रॅक्टरमागे लागलेली तहसीलची जीप त्यांनी पाहिलेली आहे.

खरी कोंडी झाली तारखांवर. पोरांना सुटी मे महिन्यात, आणि तिकडे मेच्या मध्यापासून समुद्र खवळायला लागतो, हंगाम संपतो. जूनमध्ये पेरणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, तेव्हा तर घरातलं मांजरही सुटीवर जाऊ शकत नाही. मग दिवाळी, तूर, हरभरा, आणि लग्नसराई. कॅलेंडर उलटंपालटं करून दिवाळीनंतरचा एक आठवडा सापडला, पण तोही भावावर टांगलेला. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. तेवढा हातात पडला तर विमान, त्याखाली गेला तर कोचीहून जहाज, आणि फारच खाली गेला तर शेगाव. आमचा अरबी समुद्राचा रस्ता असा वाशिमच्या बाजार समितीतून जातो. ‘एक स्टॉप, मार्केट यार्ड,’ असं बहिणीनं आपल्या तक्त्यात लिहूनही टाकलं. पुढे अकोला, मुंबई, कोची, अगत्ती आणि तिथून बोटीनं बंगाराम. आबांनी तक्ता चष्म्याजवळ धरून पाहिला आणि विचारलं, “यात जऊळका-अकोला कशानं?”

“रेल्वेनं, आबा.”

“म्हंजे ते स्टेशन कामात आलं म्हना.”

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, आपल्याच देशात. बेटांवरच्या लोकांच्या रक्षणासाठी 1967 पासून तसे नियम आहेत. एजंट म्हणाला, अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही जोडा. आमच्या सुदैवानं गावातच पोलिस ठाणं आहे. दुर्दैवानं गावातच असल्यामुळे, आमचं अख्खं घर तिथं चाललंय ही बातमी आम्ही पोचायच्या आधी पानटपरीवर पोचली होती. अर्जात ‘भेटीचं कारण’ असा रकाना होता. नुसतं फिरायला, असं लिहायला मोठ्या काकांना लाज वाटत होती. त्यांनी ‘नारळ लागवड अभ्यास दौरा’ सुचवलं. धाकटे काका काहीच सुचवत नव्हते, काकू शेजारीच उभ्या होत्या. शेवटी मी ‘पर्यटन’ लिहिलं.

टेबलामागच्या जमादारांनी अकराही आधार कार्डं पत्त्यांसारखी लावून घेतली, आजीच्या फोटोकडे बघून नमस्कार केला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“पर्यटन. बरं. तथी देव कोनता हाय?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

“देवाचं पाहू,” काका म्हणाले, “पन नारळ लय हायेत.”

जमादारांनी शिक्का मारला.