नेट, सेट आणि म्हाइंभट

बारावीला उत्तम गुण मिळवून भाचीने जाहीर केलं, ‘मी प्राचीन मराठी साहित्य शिकवणार.’ घरात सुतकी शांतता पसरली. भावोजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. दर दिवाळीला तिला पुस्तकं पुरवणारा मीच, त्यामुळे आरोपी शोधायला लांब जावं लागलं नाही.

‘भावोजी, ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळालाय,’ मी म्हणालो.

‘दर्जा भाषेला मिळाला. पगार कुणाला मिळणार?’

मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आराखडा मांडला. बीए-एमए मिळून पाच वर्षं. मग प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, नेट किंवा सेट. नेटचा पहिला पेपर १०० गुणांचा. भाचीने मोबाइलवर नमुना उघडला: संख्यामालिका, टक्केवारी, प्रदूषण, संगणक.

‘यात ज्ञानेश्वरी कुठाय?’ ताईने विचारलं.

‘दुसऱ्या पेपरात.’

म्हणजे १२९० सालचा ग्रंथ शिकवायचा, तर आधी ‘अ’ गावातली लोकसंख्या ‘ब’ गावापेक्षा किती टक्क्यांनी वाढली ते सांगा. त्यापुढे पीएचडी, किमान तीन वर्षं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये म्हटल्यावर भावोजींचा चेहरा उजळला. पण जागा निघेपर्यंत तासिका तत्त्व, हे ऐकून पुन्हा मावळला. शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुटीत काही नाही. मे महिन्यात प्राध्यापक जेवत नाहीत, असा कुणाचा तरी समज असावा.

‘बाबा, लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांचं तरी काय वेगळं होतं?’ भाची पेटली. ‘चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत गावोगाव पायपीट केली. मार्गदर्शक नागदेवाचार्य, त्यांच्याकडून एकेक लीळा तपासून घेतली. एवढं करून मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत गेली. मग लोकांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली!’

पीएचडीचा इतका चोख नमुना मीही ऐकला नव्हता. तिने आराखडा बाजूला सारून थेट ग्रंथच वाचायला घेतला होता. रीतसर क्रमात ती पायरी कुठेच नव्हती.

भावोजी मात्र हिशेबी माणूस. ‘एवढी वर्षं हिंडायला त्याला फेलोशिप होती का?’

‘नाही. घरचे सधन होते.’

भावोजींनी पत्रिका स्वतःकडे ओढली, पेन मागितलं आणि नेट-सेटच्याही वर पहिली पायरी लिहिली: ‘बाबांनी निवृत्त होऊ नये.’