महोदय, इंजेक्टर म्हणजे तोटी नव्हे

प्रति,
मा. स्टेज-टूसम्राट,
पत्र्याची शेड, अंबड, नाशिक.

विषय : माझ्या टर्बो गाडीत आपण बसवलेले चार मोठे इंजेक्टर व त्यामुळे झालेले माझे कल्याण.

संदर्भ : आपले ‘काका, टेन्शन नका घेऊ’ हे तोंडी आश्वासन.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. गेल्या श्रावणात, कसारा घाटात, धो धो पावसात आपली कला पूर्ण फळाला आली. चढावर ॲक्सिलेटर दाबला तशी आधी बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, मग गाडी मिसिंग करू लागली आणि मग आरशात मागचा कंटेनर दिसेनासा झाला, इतका निळा धूर. कंटेनरवाल्याने हॉर्न वाजवला नाही. त्याने काच खाली करून नुसतं पाहिलं. अंत्ययात्रेला वाट देताना माणसं पाहतात ना, तसं. पुढे इंजिन उतरवून पिस्टन बाहेर काढले तेव्हा कळलं, की तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटून गेली आहे.

गाडी कोणती, हे आपण विसरला असाल, कारण आपल्या दृष्टीने ती एक ‘रिक्वायरमेंट’ होती. माझ्या दृष्टीने ती लिनिया टी-जेट होती. रांजणगावात तयार झालेली, १.४ लिटरची, टर्बोची, ११४ अश्वशक्तीची. त्याच जातीच्या इंजिनातून कंपनीने २०१५ मध्ये अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्ती काढून दाखवली होती. म्हणजे इंजिनात दम होता. ही माहिती मला आपणच दिली आणि तेवढी मात्र खरी होती. ‘काका, तीस घोडे झोपलेत आत. उठवू?’ असं आपण विचारलंत. समृद्धीवर वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. ती गाठायला जागे असलेले घोडे भरपूर होते. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला झोपलेल्या घोड्यांबद्दल कोणी आस्थेने विचारलं, की त्याचं डोकं चालत नाही.

बाकीच्या तक्रारी एका दमात सांगून टाकतो. सायलेन्सर असा लावलात की सोसायटीतली दोन तान्ही बाळं मला ओळखतात. मागच्या काचेवर न विचारता आपल्या शेडचं स्टिकर चिकटवलंत, तेही तिरकं. बिल दिलं नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही आपण सांगितलं नाहीत. (चार इंजेक्टर म्हणजे फेरफार एक की चार, यावर वकील मित्राशी माझं अजून एकमत झालेलं नाही.) हे सगळं माफ.

माफ होत नाही ते आपलं एक वाक्य. मी विचारलं होतं, ‘एवढे मोठे इंजेक्टर कशाला?’ तेव्हा आपण पाना पुसत म्हणालात, ‘थोडं जास्त पेट्रोल गेलं तर काय बिघडतं काका? जेवढं जास्त, तेवढी ताकद.’

महोदय, ताकद पेट्रोलची नसते, हवेची असते. टर्बो हवा कोंबतो म्हणून त्या हवेला पुरेसं पेट्रोल लागतं, एवढाच इंजेक्टरचा संबंध. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. टर्बो जोरात असताना पिस्टन थंड राहावेत म्हणून हे प्रमाण बारापर्यंत खाली आणतात. हवा तेवढीच ठेवून नुसतं पेट्रोल वाढवलं तर ताकद वाढत नाही, धूर वाढतो. भातात दुप्पट पाणी घातल्याने चार पाहुणे जास्त जेवत नाहीत, पेज होते.

आणि किती मोठे हवे होते? आपल्या शेडमधल्या कॅलेंडरच्या पाठीवर हा हिशेब मावला असता. टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल. १५० अश्वशक्तीला झालं चाळीस किलोच्या आसपास. चार सिलिंडरांत वाटा. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, तेवढी सवलत धरा. उत्तर येतं, प्रत्येकी मिनिटाला ३०० सीसीच्या जवळपास. आपण बसवलेत ५५० चे. का, तर ते आपल्याकडे होते.

बरं, मोठे बसवले म्हणून आकाश कोसळत नाही. पण मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं. इंजेक्टर म्हणजे तोटी नव्हे. ती चावी आहे आणि ती किती सहस्रांश सेकंद उघडायची, हे तो कॉम्प्युटर ठरवतो. सहा हजार आरपीएमला त्याच्या हातात एका चक्रासाठी, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांसाठी, २० मिलिसेकंद असतात. आयडलिंगला, एवढ्या मोठ्या इंजेक्टरने, जेमतेम दीड. त्या दीडमधलं जवळजवळ एक मिलिसेकंद नुसतं चावी हलायलाच जातं, पेट्रोल त्यानंतर. याला डेड टाइम म्हणतात. प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा, आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की तो वाढतो. आपण जुन्याच इंजेक्टरचा डेड टाइम तसाच ठेवलात. म्हणून सिग्नलला हेडलाइट, वायपर आणि एसी एकदम चालू असले की माझी गाडी उचकी लागून बंद पडायची. आपलं निदान : ‘बॅटरी बदला.’ मी बदलली. गाडी पुन्हा बंद पडली. आपलं निदान : ‘पेट्रोलपंप बदला.’ मी म्हटलं, गाडीतला की रस्त्यावरचा? आपण म्हणालात, ‘दोन्ही.’

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की इतकं पेट्रोल आत जायचं, की ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली उतरायचं. ऑईलची काडी हुंगली तर पेट्रोलपंपावर उभं असल्यासारखं वाटे. आई पोर्चमध्ये येऊन म्हणायची, ‘कोणी स्टोव्ह पेटवलाय का रे?’ आणि चढावर, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, उलटा प्रकार. धूर काळा दिसला म्हणून आपण लॅपटॉपवर पेट्रोल कमी केलंत. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन, वास घेऊन! गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासचंच धड सांगतो. बाराला काय चाललंय, ते कळायला वाइडबँड सेन्सर लागतो. आपल्याकडे नाक होतं.

त्यातून ते इंजेक्टर. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये चारही टेस्ट बेंचवर लावून मोजून घेतले. डब्यावर ५५० लिहिलेलं होतं, पण चारांत एकही ५५० चा नव्हता. सगळ्यांत उदार होता दुसरा, सगळ्यांत कंजूष तिसरा, आणि त्या दोघांत जवळजवळ अकरा टक्क्यांचा फरक. तोच तिसरा, ज्याच्या खालचा पिस्टन गेला. नाशिक जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि येवल्यात टँकर. जिल्ह्याची सरासरी काढली की सगळं आबादीआबाद. सरासरीने येवल्यातली विहीर भरत नाही. आपलं नाकही सरासरीच हुंगत होतं.

इथे थोडं घरगुती लिहितो. माझे वडील सातपूरला मायकोत होते, एकतीस वर्षं. ज्या कारखान्यामुळे मायको सर्कलला मायको सर्कल म्हणतात, तो. डिझेलच्या नोझलवर काम. नोझलच्या आतली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो. सुई आणि घर जोडीनेच तयार होतात आणि जोडीनेच भंगारात जातात. एकीची सुई दुसरीच्या घरात बसत नाही. वडील सुई मधे धरत नसत, टोकाला धरत, कारण बोटाच्या उबेनेही माप हलतं. शुद्ध डिझेलमध्ये बुडवून, नोझल तिरकं धरून, सुई एक तृतीयांश वर ओढून सोडायची. ती आपल्या वजनाने, न अडखळता, सरकत खाली गेली पाहिजे. अडखळली तर बाद. घरी आल्यावरही हा माणूस आमटीत मीठ टाकताना आईच्या हाताकडे बघत बसायचा. आई म्हणायची, ‘हे मायक्रॉन तिकडे सातपूरला ठेवून येत जा.’

त्या माणसाच्या मुलाच्या गाडीत ‘अंदाजे’ इंजेक्टर बसवले. अंदाजे! मोजायला काय झालं होतं रे तुला? टेस्ट बेंचवर चार नळ्या धरायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं? माझी बायको त्या घाटात दोन तास पावसात बॅटरी हलवत उभी होती, मागून येणारा ट्रक आम्हाला पाहील की नाही या भीतीने. तिला काय सांगू, अकरा टक्के? एक लाख सदतीस हजारांचं इंजिनाचं बिल माझ्या खिशात आहे. त्याचं मला एवढं नाही. पण ‘चालतंय की काका’ हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर आलं, तर मी त्या शेडच्या पत्र्यावर दगड मारीन. वयाचा विचार करणार नाही.

हं. ‘महोदय’ कुठेतरी गळून पडलं. आता तसंच राहू दे.

कारण त्या रात्री फोन केल्यावर तूच आलास. साडेअकराला, उसनी पिकअप घेऊन. सोबत टोचनाचा दोर आणि हिच्यासाठी एक कोरडी शाल. शाल कोणाची होती ते तू सांगितलं नाहीस, पण तिला डिंकाच्या लाडवांचा वास होता, म्हणजे तुझ्या आईची असणार. टोचनाचे पैसे घेतले नाहीस. घोटीला चहाला थांबलो तेव्हा कपाकडे बघत तू विचारलंस, ‘काका, ते डेड टाइम म्हणजे नक्की काय असतं?’

मला तेव्हा एवढा राग आला होता की मी उत्तर दिलं नाही. ते आता वर लिहिलं आहे.

नंतर विचार करत बसलो. तू चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली लागलास, कार्बोरेटरच्या दिवसांत. जेटवर नंबर असायचा. मोठा नंबर, मोठं भोक, जास्त पेट्रोल, गाडीला पिकअप. तिथे ते खरंच होतं, कारण आत येणारी हवाच आपल्या ओढीने पेट्रोल खेचायची आणि प्लगचा रंग बघून माणूस शहाणा व्हायचा. त्या विद्येत तुझे वडील हुशार होते, साऱ्या अंबडला माहीत आहे. तुझ्या हातात इंजेक्टर आला तेव्हा तुला तो मोठा जेटच वाटला. तो जेट नाही, हे तुला कोण सांगणार होतं? कंपन्या कॉम्प्युटरला कुलूप लावतात. इंजेक्टरचे आकडे अस्सल मालाबरोबर मिळतात, नकलेबरोबर नाही. तुझा लॅपटॉप तडकलेला आणि त्यातली फाईल कोणाच्या तरी कोणत्या तरी गाडीची.

वरून पेट्रोल बदललं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला एका भागामागे हवा साडेतेरा भागच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त लागतं. साध्या चालण्यात गाडी स्वतः सावरून घेते, पूर्ण बूस्टमध्ये नाही. ‘इथेनॉलमुळे झालं काका’ असं तू म्हणालास, तेव्हा मी हसलो होतो. एकतृतीयांश बरोबर होतास. जरा मोठा इंजेक्टर खरंच हवा होता, नीट मोजलेला.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती मी मघापासून टाळतो आहे. तू पहिल्या दिवशी मला कॅलेंडरच्या पानावर कोटेशन दिलं होतंस. त्यात चार ओळी होत्या : अस्सल इंजेक्टर, वाइडबँड, पुण्याला नेऊन डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एक दिवस, तुझी मजुरी. मी पेन काढून मधल्या दोन ओळींवर काट मारली आणि पहिलीपुढे लिहिलं, ‘स्वस्तातलं बघ.’ मजुरीतूनही दीड हजार कमी केले. नाशिककर आहे मी. घासाघीस केल्याशिवाय मला द्राक्षंसुद्धा गोड लागत नाहीत.

नवे पिस्टन आले आहेत. इंजिन मी दुसरीकडे बांधून घेतोय, त्यात तडजोड नाही. पण जुळणी झाली की मूळचेच इंजेक्टर घालून, मूळचीच फाईल टाकून गाडी सुरू करायची आहे, आणि त्या वेळी तू हजर असावास असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस. गुरुवारी सकाळी ये. वडिलांच्या कपाटात जुन्या नोझलची एक जोडी आहे, सुईसकट. ती डिझेलमध्ये बुडवून सोडून दाखवतो. हात धुऊन ये.

येताना लॅपटॉपचा चार्जर आण, आमच्याकडचा लागत नाही. शाल धुऊन ठेवली आहे, ती ने. ते तुझे चार इंजेक्टरही घेऊन जा. आईने ते पितळी चकाकतात म्हणून शोकेसमध्ये मांडलेत आणि आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, बाथरूमचं काम काढलंय का.

आपला,
(सध्या सिटीबसने फिरणारा)
काका