देवावर भरवसा, झेरॉक्स दोन

आयुष्यात एकही फॉर्म मी पहिल्या फटक्यात बरोबर भरलेला नाही. बँकेच्या अर्जात 'वारस' या रकान्यात मी स्वतःचंच नाव लिहिलं होतं, काउंटरवरच्या बाईंनी "काका, तुम्ही गेल्यावर पैसे न्यायला तुम्हीच येणार का?" असं विचारलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. असा माणूस घरात असताना लेकीने न्यूजर्सीहून फोन केला, "बाबा, बाळ येतंय. तुम्ही, आई आणि आजी, तिघंही या. फॉर्म तुम्ही भरालच." हे ऐकून हिने देवघराकडे बघत हात जोडले. मला वाटलं, आनंदाने जोडले.

सुरुवात आमच्या आईच्या पासपोर्टपासून झाली. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. गोठ्यात तांबू व्यायली होती." पासपोर्टच्या अर्जात नागपंचमीला रकाना नाही आणि तांबूला तर नाहीच. शेवटी ट्रंकेच्या तळाशी शाळेचा दाखला सापडला. त्यावर तारीख होती 1 जून. त्या काळी गुरुजींनी नाव घालताना निम्म्या गावाला 1 जूनलाच जन्माला घातलं होतं, त्यात आईही होती. ही गुरुजींची सोय आज सत्तर वर्षांनी माझ्या कामी आली, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. त्या नादात अर्जावर 1 जुलै लिहिलं. पुन्हा अर्ज.

मग आला व्हिसाचा डीएस-160. हा फॉर्म संगणकावर भरायचा असतो आणि वीसेक मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप मिटतो. मी आईला काही विचारायला स्वयंपाकघरात जावं, तिने "कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दे" म्हणावं, तिसऱ्या शिट्टीनंतर तिने उत्तराऐवजी तिच्या मावससासूची गोष्ट सांगावी, आणि मी परत येऊन बघावं तर पडदा कोरा. असं चार वेळा झालं. मधेमधे सेव्ह करा, असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. देवाने मला ते दाखवलं नाही.

'तुमचं याआधी आणखी कुठलं नाव होतं का?' असा एक प्रश्न आहे. आई माहेरची कमल. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सुनंदा लिहिलं. वडील ते लिहून मोकळे झाले. अमेरिकेला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. पुढे विचारलं होतं, दहशतवादी कारवायांत भाग घेतला आहे का? आई गंभीरपणे म्हणाली, "वाड्यात असताना नळावर एकदा भांडले होते. ते धरायचं का?" मी घाम पुसत 'नाही'वर टिचकी मारली. एवढं सगळं निभावून नेलं आणि हिच्या फॉर्ममध्ये नवऱ्याच्या जागी हिचंच नाव घातलं. "राहू दे," ही म्हणाली, "काही फार चुकलेलं नाही."

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरा पडदा, आणि 2016 पासून अमेरिकेच्या व्हिसाला चष्मा चालत नाही. चष्म्याशिवाय मला कॅमेराच काय, कॅमेरावालाही दिसत नाही. त्यामुळे आवाजाच्या दिशेने अंदाजाने बघत, मनात रामरक्षा म्हणत मी बसून राहिलो. "काका, इकडे. तो मारुती आहे, कॅलेंडरवरचा," असं त्याने तीन वेळा सांगितलं. त्या फोटोत माझी नजर अजूनही थोडी मारुतीकडे आहे.

या सगळ्या दुरुस्त्या मी करत राहिलो, तोवर तारखा पुढे सरकत गेल्या, आणि बाळंतपणासाठी निघालेल्या आम्हाला मुलाखतीची तारीख मिळाली ती नात एक वर्षाची झाल्यावरची. तेव्हा मी सगळा भार देवावर टाकला. देव तरी किती! तळ्यातल्या गणपतीला एकवीस मोदक, कुलस्वामिनीला खण-नारळ, दत्ताला पाच गुरुवार. एका व्हिसासाठी इतके देव कामाला लावले की ते एकमेकांकडे फाईल ढकलत असावेत. त्यात भाच्याच्या लग्नाला हैदराबादला गेलो असताना कुणीतरी चिलकूरच्या बालाजीचं नाव काढलं. गावाबाहेर गंडीपेट तलावाच्या बाजूला हे देऊळ आहे आणि लोक त्याला सरळ 'व्हिसा बालाजी' म्हणतात. तिथे हुंडी नाही. देव पैसे घेत नाही, पाय घेतो. मागताना अकरा प्रदक्षिणा आणि काम झालं की एकशे आठ. मी अकरा घातल्या, एकशे आठ कबूल केल्या आणि घरी येऊन निश्चिंत झोपलो. ही मात्र जागी होती. सकाळी टेबलावर सगळ्या कागदांचे दोन-दोन गठ्ठे होते. "देवावर भरवसा ठेवा," ती म्हणाली, "पण झेरॉक्स दोन काढा."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुंबईत बोटांचे ठसे द्यायचे होते. आईची बोटं पन्नास वर्षं भांडी घासून गुळगुळीत झालेली, म्हणून आम्हाला तिची काळजी. तिचे ठसे क्षणात उमटले. माझे उमटेनात. निघताना बॅगेची निखळलेली मूठ मी फेविक्विकने चिकटवली होती, आणि मूठ सोडून बाकी सगळीकडे ते चिकटलं होतं. यंत्राच्या दृष्टीने मला बोटंच नव्हती. कोपऱ्यात बसून बालाजीचं नाव घेत मी नखांनी बोटं खरवडली.

दुसऱ्या दिवशी बीकेसीत वकिलातीच्या दारात कळलं की आत मोबाईल नेता येत नाही. माझी मुलाखतीची चिठ्ठी मोबाईलमध्ये होती. मी आकाशाकडे पाहिलं. हिने पिशवीतून गठ्ठा क्रमांक दोन काढला.

लेकीने सहा महिने पढवलं होतं, "विचारलं तेवढंच बोला." खिडकीमागच्या बाईंनी अमेरिकेला जाण्याचं कारण विचारलं आणि पाठ केलेलं जुनं उत्तर माझ्या तोंडून सुटलं, "फॉर डिलिव्हरी!" बाईंनी कागद पाहिला. "नात किती वर्षांची आहे?" मी म्हणालो, "एक." पुढची शांतता मी जन्मात विसरणार नाही. मागून आई मराठीत म्हणाली, "बाई, त्याचं काही ऐकू नका. मला पणतीचं तोंड बघायचंय. दोन महिन्यांत परत येणार, घरी माझी तुळस आहे." शेजारच्या दुभाषी मुलीने ते इंग्रजीत सांगितलं, बहुधा माझा भाग गाळून. बाई हसल्या, काहीतरी म्हणाल्या आणि तिन्ही पासपोर्ट आत ठेवून घेतले. जप्त झाले असं समजून मी हात जोडले आणि गयावया करू लागलो. व्हिसा मिळाला की पासपोर्ट ठेवूनच घेतात, हे हिने मला फुटपाथवर आणल्यावर सांगितलं.

ट्रेनमध्ये मी हिशेब मांडला. मी एवढे नवस बोललो, पण ऐन वेळी धावून आली ती हिची पिशवी आणि आईची तुळस. मग देवाने केलं काय? बराच विचार करून मी अशा निष्कर्षाला आलो की माझ्यासारख्याला या दोघींच्या घरात त्याने ठेवलं, यातच त्याने त्याचं काम आगाऊ करून टाकलं होतं.

तरी बोललेला नवस फेडायलाच हवा, म्हणून आम्ही चिलकूरला गेलो. तिथे एक ते एकशे आठ आकड्यांचं छापील कार्ड मिळतं. एक प्रदक्षिणा झाली की एका आकड्यावर खूण करायची. गुडघे बोलू लागले, तळवे भाजले, गर्दीत दोनदा दुसऱ्याच कुटुंबाबरोबर फिरलो, पण कार्ड भरलं. घामाने थबथबलेलं ते कार्ड मी हिच्यासमोर धरलं आणि छाती काढून म्हणालो, "बघ! आयुष्यात पहिल्यांदा एक फॉर्म बरोबर भरला."

हिने चष्मा लावला. ओळीने बोट फिरवलं.

"त्र्याहत्तर कोरा आहे," ती म्हणाली.