मावशी फिरायला निघाल्या

गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीत कुत्री फिरवणाऱ्यांची जमात पहिल्यापासून आहे. त्यांच्या वेळा ठरलेल्या, खांब ठरलेले, भांडणंही ठरलेली. हल्ली त्यात सातव्या मजल्यावरच्या एका मुलीची भर पडली आहे आणि तिच्या दोरीच्या टोकाला मांजर असतं. फिरवणं आपलं म्हणायला. गुंडी नावाची ही करडी मांजरी कडेवर बसून लिफ्टने खाली येते, फरशीवर ठेवली की पोट टेकून पसरते आणि मुलगी "चल ना गं, चल" करत उभी राहते. वॉचमनने एकदा काळजीने विचारलंही, "आजारी आहे का ही?"

खरी पंचाईत पहिल्या मजल्यावरच्या काकांची झाली. मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागे यायचं, हे त्यांना ठाऊक. पण गुंडी आडवी जात नाही, आडवी बसते.

"अगं, तिला घे बाजूला, माझी गाडी चुकेल."

"काका, तुम्ही जा ना, ती कुठे हलतेय!"

"तेच तर. ती गेल्याशिवाय मी कसा जाऊ?"

हसू येतं, पण या प्रकारात धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. कुत्रा घाबरला की मालकाच्या पायाशी येतो. मांजर मालकाबिलकाच्या भानगडीत पडत नाही. ते उंचावर चढतं, नाहीतर फटीत शिरतं, आणि आपण बांधलेली दोरी नेमक्या याच दोन वाटा बंद करते. दोरीसकट झाडावर गेलं आणि दोरी फांदीत अडकली तर लटकायची वेळ. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला असेल तर सरळ फासच. म्हणून छातीभोवतीचा हार्नेस घालतात. पण त्यालाही मांजर पुरून उरतं. आपल्या गळ्याखालचं आडवं हाड खांद्याशी जोडलेलं असतं. मांजराचं ते इवलंसं हाड नुसतं स्नायूंमध्ये असतं. त्यामुळे डोकं निघालं की बाकीचं मांजर सहसा मागोमाग निघतं.

परवा पाण्याच्या टाकीचं पत्र्याचं झाकण कुणीतरी धाडकन टाकलं. गुंडीची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली, कान मागे चिकटले आणि ती पुढे पळायच्या ऐवजी मागे मागे सरकू लागली. हार्नेसचा पट्टा मानेवरून कानांपर्यंत आला. मुलीने झडप घालून धरली म्हणून वाचली. मुलीच्या हातावर मात्र मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा उमटल्या. घाबरलेलं मांजर समोरचा हात कोणाचा आहे ते बघत नाही. शिवाय खाली आलं की पिसवा, गोचिडी, मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता, कुणी उंदरांसाठी टाकलेलं औषध, हे सगळं आलंच. रेबीजची लस तर घेतलेली हवीच.

आणि आमच्याकडे एक जास्तीचा मुद्दा आहे: शेजारचं आरेचं जंगल. मांजर ही वाघाची मावशी. पण तो भाचा, म्हणजे आमच्याकडे बिबट्या, नातं पाळणाऱ्यांतला नाही. आरेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने तो रात्री भटकी कुत्री उचलतो. संध्याकाळी मावशीला घेऊन तिकडे हवा खायला जाणारे लोक मला थोर वाटतात.

पट्टा भाच्यांच्या गळ्यातही पडलाय म्हणा. २०२१ मध्ये उद्यानातल्या सावित्री नावाच्या मादीला रेडिओ कॉलर लावली होती. त्याआधी २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तर हा गडी सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उद्यानापर्यंत आला. पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. त्याच्या पट्ट्याला दोरी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. तो चालला तिकडे माणसं बघत राहिली. २०११ च्या डिसेंबरात अहमदाबाद हायवेवर गाडीने त्याला उडवलं. एवढ्या जंगली जनावराचं जिथे रस्त्यापुढे चाललं नाही, तिथे सोफ्यावर वाढलेल्या गुंडीची काय कथा!

यावर लोक म्हणतात, मग घरातच ठेवा, खिडकी उघडी आहेच. पण उघडी खिडकीही सुरक्षित नाही. मांजर चार पायांवर पडतं म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. त्यातली उपचार केलेली नव्वद टक्के जगली. पण जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार?

शेवटी मुलीने सगळ्या खिडक्यांना कबुतरांची जाळी मारून घेतली आहे आणि गुंडी तिथे बसून खालच्या कुत्र्यांवर देखरेख करते. हार्नेस फेकलेला नाही. डॉक्टरकडे न्यायचं असलं की तो घालून तिला झाकणाच्या टोपलीत बसवतात, म्हणजे झाकण उघडलं तरी हातात काहीतरी राहतं. हा त्याचा उपयोग मला पटतो. रिक्षावाले जनावर म्हटलं की कुरकुरतात. परवा एकाने टोपलीकडे बघून विचारलं, "आत काय आहे?"

"मावशी आहे," ती म्हणाली आणि बसली.