फोटोच्या बाहेर, उजव्या हाताला

लोकांनी परदेशी जाण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माणसाने निवृत्त व्हावं, फंडाचे पैसे हातात पडले की मुलीच्या हट्टापुढे मान तुकवून युरोप करावा, येताना सगळ्या बिऱ्हाडांना पुरतील एवढी चॉकलेटं आणावीत. तक्रार आहे ती त्यानंतर वाजणाऱ्या बेलबद्दल. दार उघडावं तर समोर लेंगा-बनियन, मनगटात अडकवलेला एवढासा कॅमेरा आणि फर्मान: "चल, टीव्हीला जोडतोय."

तुमच्या इमारतीतही असा एक फोटोदाखवे असणारच. नसला तर एकदा स्वतःकडे बघून घ्या.

आमच्याकडचे अप्पा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि 2007 च्या मे महिन्यात काकूंना घेऊन पंधरा दिवसांत निम्मा युरोप उरकून आले. कॅमेरा जावयाने अमेरिकेहून आणून दिलेला, 7.1 मेगापिक्सेलचा. तो पॉइंट एक अप्पा कधीही गाळत नसत. पूर्वी महाबळेश्वरला जाताना ते रोलचा कॅमेरा नेत. रोलमध्ये 36 फोटो. सगळ्या कुटुंबाला उन्हात उभं करून, "हलू नका, एक वाया जाईल" असं दरडावत त्यांनी उभी हयात काढली. रोलच्या शेवटी सदतिसावा फोटो निघाला तर घरात शिरा व्हायचा. अशा माणसाच्या हातात कितीही फोटो काढले तरी पैसे न पडणारं यंत्र देणं ही जावयाची चूक. अप्पा 1143 फोटो घेऊन परतले.

तर, पहिला प्रयोग. पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, टीव्ही एव्हीवर. आम्ही सतरंजीवर. पडद्यावर राखाडी आभाळ आणि मधोमध पाण्याचा एक टपोरा थेंब.

"हा ऱ्हाईनचा धबधबा," अप्पा म्हणाले.

आम्ही सरकून पुढे झालो. थेंबच होता.

"तो यात नाही आलेला. तो असा, फोटोच्या बाहेर, उजव्या हाताला." आणि अप्पा उठले. टीव्हीच्या उजवीकडे भिंत होती, भिंतीवर कालनिर्णय, मग फ्रीज, मग स्वयंपाकघराचं दार. त्या भिंतीवर त्यांनी हाताने ऱ्हाईन नदी पाडून दाखवली. "23 मीटर उंची, 150 मीटर रुंदी. इथपासून..." कालनिर्णयपासून सुरू झालेला धबधबा फ्रीजपाशी संपला. पाटबंधारेवाला माणूस, पाणी बघितलं की क्युसेक काढल्याशिवाय पुढे सरकत नाही. पण मी म्हणतो, दीडशे मीटर रुंदीचा धबधबा समोर असताना तो फोटोच्या बाहेर ठेवायचा, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हे.

मला वाटलं, एखादा फोटो हुकतो माणसाचा. पुढचा फोटो पिसाचा. हिरवळीवर टूरमधले एक गृहस्थ दोन्ही पंजे हवेत रोवून, दात-ओठ खाऊन काहीतरी ढकलत होते. काय ढकलत होते ते दिसत नव्हतं.

"मनोरा ढकलतायत," अप्पा म्हणाले.

"आणि मनोरा?"

"उजव्या हाताला."

मनोरा फ्रीजवर निघाला. अप्पांनी तो तिरक्या तळहाताने दाखवला आणि दहा मिनिटं त्याच्या पायावर बोलले. 1173 साली काम सुरू केलं, पाया घातला जेमतेम तीन मीटर, खाली भुसभुशीत माती. 1990 मध्ये लोकांना आत जायला बंद केला, पुढे खालची माती थोडी थोडी काढून अर्धा मीटरभर सरळ केला आणि 2001 मध्ये पुन्हा उघडला. "आमच्या खात्यात असता तर कंत्राटदार काळ्या यादीत गेला असता," असं म्हणून त्यांनी हात खाली घेतला, तेवढ्यात नेमका जिथे मनोरा होता तिथून काकू पोह्यांचं ताट घेऊन आल्या.

मग हे चालूच राहिलं. माउंट टिटलिसला जाणारा शेवटचा पाळणा वर चढताना स्वतःभोवती पूर्ण फिरतो, त्यामुळे तिथे तर उजवा हात कुठला हेच ठरेना. अप्पा हॉलभर गोल फिरले आणि आल्प्स पर्वत आमच्या पाठीमागे चपलांच्या कपाटापर्यंत गेला. लूव्र संग्रहालयात मोनालिसा. पडद्यावर पंधरा-वीस डोकी आणि त्यापलीकडे एक पांढरा गोळा. 77 बाय 53 सेंटिमीटरचं चित्र, पुढे काच, फ्लॅश मारायला मनाई. अप्पांनी मारला. "हा गोळा दिसतोय ना, याच्या मागे हसतेय ती." मोनालिसा निदान उजव्या हाताला नव्हती, याचाच आम्हाला आनंद झाला.

एकच फोटो अचूक आला होता. मधोमध, लख्ख, एकेक रेष मोजावी असा. ब्रसेल्सच्या कोपऱ्यावरचा तो सू करणारा नागडा पोरगा, मॅनेकन पिस. अर्ध्या मीटरहून जेमतेम मोठा पुतळा, पण कॅमेऱ्याने इमान राखलं होतं. नेमके त्या दिवशी हॉलमध्ये बायका-पोरं फार होती. अप्पांनी ताडकन पुढचं बटण दाबलं. युरोपातली जी एक वस्तू फोटोत सापडली, ती आम्हाला पाऊण सेकंद बघायला मिळाली.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख-वेळ छापून येई, त्यावरून एकदा जुंपली. पॅरिसमध्ये 23.40 वाजता स्वच्छ ऊन पडलेलं. "रात्री पावणेबाराला असा उजेड असतो तिकडे," असं अप्पांनी ठोकून दिलं. तळमजल्यावर भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. मध्यरात्रीचा सूर्य बघायला नॉर्वेच्या वरच्या टोकाला जावं लागतं, पॅरिसमध्ये दिसत नाही, असं त्यांनी जागच्या जागी सुनावलं. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतातल्या वेळेवरच राहिलं होतं; साडेतीन तास वजा करायला हवे होते. अप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही गेला होतात का?" बाई त्यानंतर आल्या नाहीत. काही जणांना ही युक्ती फार उशिरा सुचली.

आता हे का होत होतं, तेही सांगतो, नाहीतर अप्पांवर अन्याय होईल. त्या छोट्या कॅमेऱ्यांचं बटण दाबलं की ते आधी विचार करत. अंतर मोजत, उजेड चाचपत, मग टिपत. तेवढ्यात बस पुढे गेलेली असे, माणूस वळलेला असे. स्टीव्ह सॅसन नावाच्या कोडॅकच्या अभियंत्याने 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोहून जड होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद घेई. आणि गंमत म्हणजे तो फोटो बघायलाही टीव्हीच लागे. बत्तीस वर्षांत वजन खूप उतरलं. धीर मात्र तेवढाच लागत होता, आणि अप्पांकडे तो नव्हता, कारण टूर मॅनेजरकडे नव्हता. जिथे तिथे 'फोटो स्टॉप'. खाली उतरा, दहा मिनिटं, फोटो काढा, बसमध्ये या, थेपले वाटले जातील. आयुष्यभर कालव्यांच्या कडेने चालत गेलेल्या माणसाला ॲमस्टरडॅमचे कालवे दाखवले ते बसच्या काचेतून. काचेवर पडलेल्या फ्लॅशचा फोटो माझ्या चांगला लक्षात आहे. कालवा अर्थात...

वर्षभरात हे वाक्य इमारतीच्या अंगवळणी पडलं. लिफ्ट बंद असली की पोरं एकमेकांना सांगत, "आहे रे, फोटोच्या बाहेर, उजव्या हाताला." सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी शिल्लक वाचून दाखवली आणि मागून कोणीतरी विचारलं, "ही कुठल्या हाताला?" गच्चीच्या गळतीचं काम, बिल्डरने कबूल केलेली बाग, दोन्ही उजव्या हाताला गेली ती अजून तिकडेच आहेत. अप्पाही हसत. आपल्यावरून चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण पुढच्या शनिवारी बेल वाजायची ती वाजायचीच.

आणि खरं सांगायचं तर आम्ही जायचो. पोह्यांसाठी, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. पण त्या दीड खणाच्या भिंतीवर मी जो युरोप पाहिला तो पुढे मला कुठल्याच चांगल्या फोटोत दिसला नाही. हळूहळू माझ्या असंही ध्यानात आलं की अप्पा दर वेळी थोडं नवीन सांगतायत. पहिल्या खेळात पिसाला फक्त पाया होता. चौथ्या-पाचव्या खेळात तिथे एक फुगेवाला आला, एक रडणारं मूल आलं. अप्पा थापा मारत नव्हते. दहा मिनिटांच्या थांब्यात डोळ्यांवरून नुसतं गेलेलं आता कुठे त्यांना दिसायला लागलं होतं. त्यांची सहल मे महिन्यात संपलेलीच नव्हती; ती आमच्यासमोर, सतरंजीच्या कडेने, आत्ता चालली होती.

पुढे त्यांनी मला ते सगळे फोटो डीव्हीडीवर घालून मागितले. मी कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकाला लावलं आणि पहिल्यांदाच फोटो टीव्हीशिवाय पाहिले. जुने काचेचे टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या खातात, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे उजव्या हाताला आम्ही समजत होतो त्याहून बोटभर फोटो शिल्लक होता! मी आधी पिसा उघडला. मनोरा तिथेही नव्हता. काकू होत्या.

संपूर्ण नव्हत्या. कोपर, स्वेटरची बाही, सहावारी साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, दोन्ही हातांत पिशव्या. ऱ्हाईनला वाऱ्याने उडालेला पदर. लूव्रमध्ये अर्धा चष्मा. टिटलिसला नुसता हातमोजा, त्यात धरलेली अप्पांची कानटोपी. एकामागून एक उघडत गेलो आणि जिथे तिथे उजव्या कडेला त्या थोड्याशा होत्याच. दोघं मिळून असलेला फोटो सगळ्यात एकच, कोणा परक्याकडून काढून घेतलेला: मागे तेव्हा 324 मीटर असलेल्या आयफेल टॉवरचे दोन पाय आणि पुढे अप्पा-काकू, अंग चोरून, शाळेच्या दाखल्यावरचा फोटो काढतात तसे ताठ.

काकूंना मी एकटं गाठून हे सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, तू जरा बाजूला हो, मागचं येत नाहीये. मी जराच व्हायची. फार बाजूला झाले असते आणि बस सुटली असती, तर ह्यांच्या लक्षात तरी आलं असतं का?" मग जुडीचा दोरा सोडवत म्हणाल्या, "आणि ते कालवे व्हेनिसचे म्हणून दाखवतात ना, ते ॲमस्टरडॅमचे आहेत. तू नको बोलूस काही."

आता सगळ्यांकडे फोन आहेत. अप्पांचा जावई मध्यंतरी सहकुटुंब स्वित्झर्लंडला जाऊन आला आणि एका रात्रीत तीनशे फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला. सगळे मधोमध, लख्ख, डोंगर डोंगराच्या जागी. आम्ही अंगठे दाखवले. फोटो कोणी उघडले असतील असं मला वाटत नाही. मीही उघडले नाहीत.

अप्पांचं गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर आता छान आहे. परवा म्हणाले, "ती युरोपची डीव्हीडी लाव रे एकदा. आता नीट दिसेल. हिलाही बघायचंय." कॅमेरा कधीच बंद पडलाय, कार्ड नातवाने गणपतीचे फोटो काढायला पुसून घेतलं. जे आहे ते त्या डीव्हीडीवर, आणि इमारतीतल्या एकाही लॅपटॉपला ती आत सारायला खाच उरलेली नाही. तेव्हा कोणाकडे डीव्हीडी वाचणारा जुना संगणक चालू स्थितीत असेल, तर कृपया घेऊन यावा. पोहे मिळतील. फोटो 1143 आहेत आणि मधून उठता येत नाही.