करंट मारणाऱ्या कूलरला खुले पत्र

लोखंडी पत्र्याच्या कूलरा,
मुक्काम खिडकीबाहेर, विदर्भ.

होळी झाली की तुझी आठवण निघते. गच्चीवर ताडपत्रीखाली धूळ खात पडलेला तू खाली उतरतोस आणि जावई आल्यासारखी तुझी बडदास्त सुरू होते. नव्या ताट्या, खसचा वास, पत्र्याला रंगाचा हात. घरातल्या माणसांचं जेवण लांबलं तरी चालतं, तुझी टाकी कोरडी पडता कामा नये. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो तेव्हा तुझ्याशिवाय दुपार निघत नाही, हे मला मान्य आहे. तुझी हिंमत वाढली आहे ती यामुळेच. लेकरांचा जीव घेऊनही पुढच्या होळीला ज्याचं पुन्हा स्वागत होतं, असा दुसरा गुन्हेगार मला माहीत नाही.

तुझी पद्धत मी ओळखते. शाळेला सुट्टी लागलेली असते. ऊन लागेल म्हणून आम्हीच पोरांना घरात कोंडलेलं असतं. पोरगं तुझ्यासमोर येतं, बनियन वर करून पोटावर वारा घेतं, मग जाळीला तोंड लावून ‘आऽऽ’ करतं. पंख्यामुळे आवाज थरथरतो आणि त्याला हसू फुटतं. पाय अनवाणी असतात. टाकी भरताना सांडलेल्या पाण्यानं फरशी ओली असते, अंगही नुकत्याच केलेल्या आंघोळीनं ओलं असतं. तोल सावरायला दोन्ही हात तुझ्या पत्र्यावर येतात. मोठी माणसं चप्पल घालून येतात, बटण दाबतात, निघून जातात. त्यांना तू बहुधा झिणझिण्या देऊन सोडतोस. खरा डाव तू लहान, ओल्या, अनवाणी लेकरावर साधतोस.

तो साधता यावा म्हणून तू वर्षभर तयारी करतोस. वायरचं कवच उन्हानं तडकतं, कुठे उंदीर कुरतडतात. मोटरमध्ये ओल शिरते. पाण्यात बुडालेल्या पंपाचा जोड सैल होतो. मग एखादी उघडी तार पत्र्याला टेकते आणि तुझं अख्खं अंग २३० व्होल्टचं होतं. पंखा फिरतच असतो, वारा गारच येत असतो. बाहेरून काहीही कळत नाही.

तुला वाचवणारं वाक्य मात्र आमच्याच तोंडात आहे: ‘थोडा करंट मारते तो, हात नका लावू.’ किती घरांत हे मी ऐकलं आहे! आणि त्यावरचा उपाय? ‘पिन उलटी करून लाव.’ दोन पिनांचा प्लग फिरवला की कधीकधी झिणझिण्या थांबतात आणि सगळे निर्धास्त होतात. बिघाड जिथल्या तिथेच असतो. उलट, त्या फिरवलेल्या प्लगमुळे तुझं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडायला लागू शकतं. म्हणजे बटण बंद, पंखा बंद, आणि आतल्या तारांत वीज तशीच उभी. बाई मग बटण बंद केल्याच्या भरवशावर टाकीत पाणी ओतते आणि लेकरू शेजारी उभं राहून बघतं.

तुला वेसण घालणारी वस्तू म्हणजे तिसरी वायर, अर्थिंगची. ती नीट जोडलेली असेल तर पत्र्यावर आलेली वीज जमिनीत जाते आणि बहुधा फ्यूज उडतो. ती तोडून, दोन पिनांचा प्लग बसवून तुला विकणारा दुकानदार आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा मिस्त्री हे तुझे साथीदार आहेत, आणि त्यांना मी तुझ्याहून कमी दोषी मानत नाही. भाड्याच्या खोल्यांत तर प्लगला तीन पिना असतात, बोर्डाला तीन भोकं असतात आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. घरमालकांनो, भाडं वाढवताना तेवढं बोर्ड उघडून पाहा.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ या समाधानावरही तू जगतोस. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. सहा किंवा सोळा अँपिअरचा तो खटका माणसाच्या अंगातून जाणाऱ्या विजेनं पडत नाही. तुझा खरा वैरी ईएलसीबी, म्हणजे आरसीसीबी. तीस मिलीअँपिअर वीज वाट चुकली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. चाळीस वॉटच्या बल्बला लागते त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी ही वीज; पण लेकराच्या छातीतून गेली तर तेवढीही फार. एका नव्या कूलरपेक्षा हा खटका स्वस्त पडतो, तरी आम्ही दोन कूलर घेतो आणि तो घेत नाही.

आणि तू फक्त घरातल्यांना धरत नाहीस. तुझी पाठ गल्लीत असते. लोखंडी स्टँडखाली चेंडू गेला की शेजारचं पोर वाकून हात घालतं. तुझ्या घरचा बिघाड त्याच्या आईला कुठून माहीत असणार?

महावितरण दर उन्हाळ्यात तुझ्याबद्दल सूचना काढतं. आम्ही त्या वाचतो आणि पान उलटतो. म्हणून आता तुला सोडून वाचणाऱ्यांशी बोलते. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, प्लग उपसून काढा. कूलर लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायर, पंप आणि अर्थिंग तपासून घ्या, ईएलसीबी बसवून घ्या. लेकरू चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं सोडवा, आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा. आणि ज्या कूलरबद्दल तुमच्या घरात ‘थोडा करंट मारते’ असं म्हटलं जातं, तो आज रात्री गरमीत झोपावं लागलं तरी बंद ठेवा.