सरांची फ्री सर्व्हिस

दारव्ह्यात मास्तर रिटायर झाला की पहिले सहा महिने घराला रंग देतो, पुढचे सहा महिने पेन्शनच्या कागदांमागे फिरतो आणि मग त्याला सेवेची उबळ येते. आमच्या सरांना ती आली तेव्हा गावातल्या सेवेच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. पारायण समितीला अध्यक्ष होता, ज्येष्ठ नागरिकांनाही होता. तेवढ्यात न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला : आमच्या मराठी शाळेचं उन्हाळी शिबिर आहे जुलैत, पोरांना शिकवायला या, आईलाही आणा.

“जुलैत उन्हाळा?” सर म्हणाले. “अन् इथं पेरण्या होऊन राह्यल्या!” तरी ‘उन्हाळी’ म्हटलंय म्हणून डोक्याला बांधायला चार दुपट्टे घेतलेच. तिकडच्या एसीत ते गळ्याला गुंडाळायला कामी आले. काकूंनी मुगवड्या, सरगुंडे आणि जवसाची चटणी घेतली. सरांनी एक कोरा हजेरीपट घेतला. हजेरीशिवाय सेवा कशी होणार?

नेवार्कच्या विमानतळावर कशाला आलात, असं विचारतील. मुलाकडे आलो एवढंच सांगा, असं मुलाने दहादा बजावलं होतं. पण ३६ वर्षं पोरांना खरं बोला म्हणून झोडपलेला माणूस ऐन वेळी खोटं कसं बोलेल? सर छाती काढून म्हणाले, “सर्व्हिस!” टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकताच साहेबाने पेन खाली ठेवलं. सरांना वाटलं कमी पडलं. “फ्री सर्व्हिस! होल फॅमिली!” दोघांना बाजूच्या खोलीत दोन तास बसवलं. तिथे बसलेल्यांची सरांनी मनातल्या मनात हजेरी घेतली म्हणतात.

शिबिरात पहिल्याच दिवशी सरांना कळलं की तिकडच्या मराठी शाळांमागे बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, १९८१ पासूनचं, आणि त्या शाळांच्या परीक्षा पुण्याचं भारती विद्यापीठ घेतं. त्या रात्री मला फोन. मी त्यांचा जुना विद्यार्थी. “काय बे, इथंबी पेपर पुन्याचाच! अमेरिकेतबी विदर्भाचा अनुशेष!”

खरी लढाई झाली ती ‘ळ’वर. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं : बाळाने काळ्या फळ्यावर पिवळं केळं काढलं. पोरं म्हणाली, बालाने काल्या फल्यावर पिवलं केलं. सरांनी जीभ कुठे लावायची ते स्वतःचा जबडा उघडून दाखवलं. एक पोरगी रडली. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सर थकले, आणि थकलेला माणूस घरचं बोलतो. “अरे पोट्टेहो, काया म्हना, काया! काया फया, पिवयं केयं!” वर्गात एकदम उजेड पडला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं सुरात ओरडली, “काया फया, पिवयं केयं!”

संध्याकाळी पुण्याकडच्या एका आईला तिच्या मुलाने म्हटलं, “आई, मले केय दे.” रात्री संयोजकांचे फोन वाजू लागले. दुसऱ्या दिवशी पालकांसमोर सर उभे राहिले आणि म्हणाले की मराठी गद्याचा पहिला ग्रंथ वऱ्हाडात, रिद्धपूरला तयार झाला. आता सरकारने मराठी भाषेचं विद्यापीठ काढलं तेही रिद्धपूरलाच. तेव्हा प्रमाण कोणाचं ते ठरवा. मुद्दा बिनतोड होता. फक्त ग्रंथाचं नाव त्यांनी ‘लीयाचरित्र’ घेतलं.

एवढं होऊनही शिबिर बंद पडलं नाही, याचं श्रेय सर शकुंतला एक्सप्रेसला देतात. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची आमची छोटी गाडी, दारव्हा मोतीबाग स्टेशन, १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन, ते १५ एप्रिल १९९४ ला काढलं तो दिवस, हे सगळं ते पोरांना मराठीतून सांगत. पोरं एकमेकांचे सदरे धरून झुकझुक करत फिरत. पुढे सर. “मँचेस्टरचं इंजिन दारव्ह्याले येऊन सत्तर वर्षं राबलं,” ते मला म्हणाले. “आता दारव्ह्याचं इंजिन इकडं राबून राह्यलं. फिट्टंफाट.”

मला विचाराल तर श्रेय काकूंचं. दुपारच्या पिझ्झ्याला कंटाळलेल्या पोरांना त्यांनी एक दिवस मुगवड्यांची भाजी वाढली, आणि ‘अजून’, ‘थोडी’, ‘तिखट’, ‘पाणी’ हे चार शब्द पोरं एका जेवणात शिकली. ‘पाणी’तला ‘ण’सुद्धा बरोबर. सरांना तो आयुष्यात जमला नाही.

सर दिवाळीपर्यंत तिकडेच आहेत. मुगवड्या मात्र आठवड्यात संपल्या. दारव्हा, दिग्रस, नेरकडचं कोणी न्यू जर्सीला जात असेल, तर बॅगेत दोन किलोची जागा ठेवा. मी स्टँडवर आणून देतो.